रडवणारे आप्पा

आप्पा शूटिंगवाल्यांसमोर न रडता सासरी गेलेली मुलगी निदान आमच्या इंदिरानगरात तरी नव्हती. नवरी स्वतःच्या पसंतीनं, कॉलेजातल्याच मुलाशी लग्न करून हसत हसत निघालेली असली, तरी आप्पा तिला कार्यालयाच्या दाराशी थांबवायचे. खांद्यावरचा कॅमेरा सावरायचे आणि अगदी घरच्या माणसाच्या आवाजात म्हणायचे, "आता आईच्या हातची पोळी सणावारीच, बरं का बेटा." एवढं पुरायचं. मुलगी हंबरडा फोडायची, नवरदेव बावचळायचा आणि आप्पा लाईटवाल्याला खूण करायचे. एखादीला त्यानंही रडू आलं नाहीच, तर त्यांच्याकडे राखीव वाक्यं असायची. तुळस, धाकटा भाऊ, दारातली सायकल. सायकलीपर्यंत टिकलेली मुलगी मला आठवत नाही.

रडणं स्वच्छ दिसलं पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं. पदरात तोंड लपवून रडणाऱ्या बायकांचा त्यांना मनस्वी राग. "मावशी, पदर खाली घ्या. लोक कॅसेट लावणार ते तुमचं रडणं बघायला, पदर बघायला नाही." एका लग्नात नवरीच्या आत्याचं रडणं अंधारात गेलं, तेव्हा आप्पांनी तिला उजेडात उभं करून पुन्हा रडायला लावलं. आत्या दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा चांगल्या रडल्या. पुढे कैक वर्षं त्या घरात पाहुणे आले की तेवढाच भाग मागे-पुढे करून दाखवला जायचा आणि आत्या स्वतः शेजारी बसून सगळ्यांना चिवडा वाढायच्या.

आप्पा माझ्या वडिलांचे मित्र. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, बोलणं जेमतेम. आप्पांच्या दुकानाची पाटी बाबांनीच रंगवली होती आणि बोहनीला स्वतःच्या साहेबांच्या मुलीचं लग्नही मिळवून दिलं होतं. आप्पा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. तासाभरात आप्पा हजार शब्द बोलायचे आणि बाबा चार. दोघांचंही समाधान व्हायचं.

ताईचं लग्न ठरलं ते सटाण्याच्या घरात. शूटिंग अर्थातच आप्पांचं. त्या लग्नात बाबांनी सगळ्यांना चकित केलं. भटजींची मंगलाष्टकं संपत आली तेव्हा त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, माईक हातात घेतला आणि स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. त्यातली शेवटची ओळ अशी होती: 'पाटाचे जल शेत गाठत जसे, जा तू मुली सासरी.' आयुष्यभर पाटाच्या पाण्याचे अर्ज निकालात काढणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! लोकांना कौतुक वाटलं. मी मात्र ते ऐकलं नाही, कारण मला मागच्या बाजूला जिलेबीच्या परातीवर राखणीला बसवलं होतं. आणि आईनंही ऐकलं नाही. नवरीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नसतात, तुळशीपाशी बसायचं असतं. कार्यालयवाल्यांनी तुळस ठेवली होती ती नेमकी जनरेटरच्या शेजारी. नवऱ्यानं आयुष्यात एकदाच तोंड उघडलं आणि आईला ऐकू आली ती जनरेटरची धडधड.

"कॅसेटमध्ये बघशील की," बाबा लाजून म्हणाले.

तीन महिन्यांनी मिक्सिंग होऊन कॅसेट आली. तिच्यात सगळं होतं. बदामाच्या आकारात ताई, फिरत्या कमळात जावई, विहिणींचं रडणं दोनदा. मंगलाष्टकांच्या जागी मात्र आप्पांनी एक सिनेमातलं गाणं टाकलं होतं. बाबा बघून हसले. "बरं झालं. माझा आवाज म्हणजे काय!" आई म्हणाली, मूळ कॅसेट आप्पा भाऊजींकडे असेलच, बघू सवडीनं. ती सवड मिळाली नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बाबा ऑफिसातून आले, खुर्चीत बसले आणि गेले. त्यांचा एकच फोटो घरात होता, ओळखपत्रावरचा. त्यात ते पोलिसांनी शोधून आणल्यासारखे दिसतात.

तेराव्यानंतर आईनं मला आप्पांकडे पाठवलं. मूळ कॅसेट मागितली. आप्पांचा चेहरा उतरला. बराच वेळ कपाट उघडून उगाच उचकापाचक केली आणि म्हणाले, "बुरशी लागली रे त्या कॅसेटला. फेकावी लागली." मी घरी येऊन सांगितलं. 

बुरशीचा उलगडा सहा महिन्यांनी नामपूरला झाला. तिथल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न आप्पांनी शूट केलं होतं. व्यापारी घाईचा माणूस. मिक्सिंग नको, आहे तशी कॅसेट द्या, म्हणाला. घरी सगळे बघायला बसले. लग्न संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या आणि मग एकाएकी भलतीच नवरी रडताना दिसायला लागली. तिच्याशेजारी व्यापाऱ्याला आपल्या ओळखीचे, सटाण्याचे ताईचे सासरे दिसले. दुसऱ्या दिवशी तो ताईच्या सासरी हजर. "आमनी कॅसेटना शेवटले तुमनी सून रडी ऱ्हायनी. हाई काय शे?" ताईच्या सासऱ्यांनी कॅसेट मागवून घेतली, तो शेवटचा तुकडा उतरवून आमच्याकडे पाठवला. दोन मिनिटांचा तुकडा. त्यात बाबांचा डावा खांदा दिसतो.

कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. कुठलाही शूटिंगवाला लग्न आटोपलं की पहिल्यांदा ती पट्टी मोडतो. आप्पांनी आमच्या कॅसेटची पट्टी मोडली नव्हती आणि बाबांच्या मंगलाष्टकावर कांद्याच्या व्यापाऱ्याची वरात चालून गेली होती.

ही गोष्ट महिन्याभरात सगळ्या कॉलनीला कळली. वाण्याला कळली, इस्त्रीवाल्याला कळली. कळली नव्हती ती एकाच माणसाला. आपलं गुपित फुटलंय हे आप्पांना कुणी सांगितलंच नाही, कारण आईनं सगळ्यांना बजावलं होतं. "त्यांना येऊन सांगू दे. कुणी त्यांच्या तोंडून काढून घ्यायचं नाही." त्या दिवसापासून आई वाट बघत राहिली आणि आप्पा आमच्या गल्लीतून जायचं टाळत राहिले. दूध आणायलासुद्धा ते मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायचे. मारुतीचे भक्त म्हणून त्यांची ख्याती झाली ती त्यामुळं. सणावारी त्यांच्या बायकोकडून फराळ यायचा, आई डबा रिकामा न पाठवता त्यात काहीतरी घालून परत करायची. शब्द तेवढा इकडून तिकडे जात नव्हता. माझ्या लग्नात आप्पांनी फुकट शूटिंग करून देतो असा निरोप पाठवला. आईनं उलटा निरोप दिला, "आमच्याकडे कॅमेरा नको." त्यामुळं माझ्या लग्नाची कॅसेट नाही. हे माझी बायको मला आजही दर लग्नाच्या वाढदिवसाला ऐकवते.

अशी अकरा वर्षं गेली. अकराव्या वर्षी आप्पांनी सिनेमा काढायचं ठरवलं.

तोवर कॅसेटी जाऊन सीड्या आल्या होत्या आणि लग्नं शूट करायला कॉलेजातली पोरं उतरली होती. आप्पांनी हातात मावेल असा नवा कॅमेरा घेतला आणि जाहीर केलं की ते 'पदरात घ्या' नावाचा चित्रपट करणार. एक कॉलनी, बारा कुटुंबं, प्रत्येकाच्या हातून काही ना काही पाप घडलेलं, आणि शेवटी सगळे एकमेकांची माफी मागतात. बारा माफ्या होत्या. "एकही डोळा कोरडा राहणार नाही," आप्पा म्हणाले. हा सिनेमा कुणासाठी चाललाय हे सगळ्या इंदिरानगराला पहिल्या दिवशीच कळलं. मला आप्पांनी कॅमेऱ्यावर घेतलं, तेव्हा तर उरलीसुरली शंकाही गेली. मी आईची परवानगी मागितली. "जा," आई म्हणाली. "आणि काय काय मागतात ते मला येऊन सांग."

पात्रनिवडीला अख्खी कॉलनी लोटली. आणि तिथंच घोडं अडलं. माफ करायला सगळे तयार होते. कॉलनीचे चेअरमन म्हणाले, मी माफ करणाऱ्या थोरल्या भावाचं काम करतो. सेक्रेटरी म्हणाले, मग धाकट्यानंही माफच करायला काय हरकत आहे? शिक्षकांना माफ करायचं होतं, डॉक्टरांना माफ करायचं होतं, भिशीच्या अकरा बायकांना सुनेला माफ करणारी सासू व्हायचं होतं. माफी मागायला एकही माणूस मिळेना. शेवटी आप्पांनी मखमलाबादहून कार्यालयांना फुलं पुरवणाऱ्या दादांना गळ घातली. दादा विचार करून म्हणाले, "आप्पा, आपल्या हातून काय चूक झालीच नाय, तर माफी कशी मागू? तुम्हाला पाहिजे तर फुलं देतो. लय देतो."

आठ दिवस आप्पांनी डोकं खाजवलं आणि मग कथा बदलली. बारा पापं होती तशीच ठेवली, पण ती सगळी एकाच माणसानं केलेली दाखवली. तो माणूस अर्थात आप्पा. त्यांनीच सावत्र भावाला फसवलं, त्यांनीच परीक्षेचा पेपर फोडला, त्यांनीच म्हातारीचं मांजर विहिरीत टाकलं. दर रविवारी आप्पा दाढी वाढवून एकेका घरात शिरायचे, पायाशी बसायचे, आणि घरचे लोक इस्त्रीचे कपडे घालून त्यांना माफ करायचे. माफ करताना आवाज कसा भरदार लावायचा याची चेअरमनांनी गच्चीवर तालीम केली होती. सेक्रेटरींनी तर माफ करताना आप्पांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो कॅमेऱ्यात नीट यावा म्हणून बराच वेळ काढलाच नाही. या दोघांचं पाण्याच्या टाकीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं. भावांच्या एका दृश्यात त्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. कट म्हटल्यावर दोघं दोन दिशांना गेले आणि सोमवारी चेअरमनांनी सेक्रेटरींना टाकीबद्दल रजिस्टर पत्र पाठवलं.

मी घरी आलो की आई भाजी चिरता चिरता विचारायची, "आज कुणाची मागितली?"

"डॉक्टरांची."

"बरं."

पुढच्या रविवारी, "आज?"

"भिशीवाल्या काकूंची. मांजराबद्दल."

"मांजर मारलं होतं का त्यांनी?"

"नाही गं. सिनेमात."

आई विळीवरचा कांदा खाली ठेवायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. मला तिची दया यायची आणि आप्पांचा संताप. सगळ्या जगाच्या पाया पडतोस, मग आमच्या दारात यायला काय होतं? पण खरं सांगायचं तर त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला कॅमेऱ्यातून बघताना माझा राग टिकायचा नाही. कॅमेऱ्यासमोर ते खोटं खोटं रडायला बसायचे आणि पाचव्या मिनिटाला खरं रडायला लागायचे. समोरचा माणूस मात्र आपला भरदार आवाज लावत असायचा.

सिनेमा समाजमंदिरात दाखवला. भाड्यानं प्रोजेक्टर आणला होता. आप्पांनी स्वतः पत्रिका वाटल्या. आमची पत्रिका तेवढी बायकोच्या हाती पाठवली. आई कुठंच जात नसे, पण त्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. तीन तास कॉलनी स्वतःला माफ करताना बघत होती आणि स्वतःच्याच मोठेपणानं गहिवरून हुंदके देत होती. शेवटची माफी सगळ्यात मोठी होती. आप्पा एका विधवा वहिनीच्या दारात येतात. तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी ठेवलेल्या सोन्याच्या पाटल्या त्यांच्या हातून हरवलेल्या असतात. ते म्हणतात, वहिनी, पाटल्या चोराने नेल्या असं मी खोटं सांगितलं. वहिनी त्यांना उठवते आणि म्हणते, सोनं काय, आज आहे उद्या नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिवे लागले. सगळी कॉलनी डोळे पुसत आप्पांकडे बघायला लागली आणि आप्पा आईकडे.

आई उभी राहिली. पदर नीट केला. "आप्पा भाऊजी," ती म्हणाली, "पाटल्या नव्हत्या त्या." आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आप्पा आमच्या दारात आले. अकरा वर्षांनी. हातात कॅमेरा नव्हता, त्यामुळं हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आई पुढच्या खोलीत आली. मी त्यांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

"वहिनी, बुरशी लागली नव्हती," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. नामपूरहून कळलं."

आप्पा मटकन खुर्चीत बसले. अकरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, हे पचवायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी मान हलवली. "नाही. तुम्हाला वाटतंय मी पट्टी मोडायला विसरलो. मी विसरलो नव्हतो. मिक्सिंगला मी चार-चारदा ऐकलं ते मंगलाष्टक. बेसूर होतं, वहिनी. शेवटच्या ओळीला तर पार फाटलं होतं. म्हणून काढून टाकलं. आणि मग त्या कॅसेटमध्ये ठेवण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. म्हणून नाही मोडली."

मला वाटलं आई आता त्यांना हाकलून देणार. मी तर देणार होतो.

"तुम्ही चारदा ऐकलंत," आई हळू म्हणाली. "मी एकदाही नाही ऐकलं. म्हणून दाखवा."

"मी?"

"मग दुसरं कोण आहे? ह्यांनी म्हटलं होतं तसं. सुधारून नको."

आप्पांनी घसा खाकरला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून म्हणायला लागले. मी बाबांचा मुलगा आहे. तो आवाज बाबांचा होता असं मी म्हणणार नाही. पण श्वास घ्यायची जागा बाबांची होती. शब्दाच्या आधी किंचित अडखळायची सवय बाबांची होती. शेवटच्या ओळीत 'सासरी'वर आवाज चिरकला, फाटला आणि खाली बसला, कॅसेटमध्ये ऐकला होता अगदी तस्साच आप्पांनी तो फाडून दाखवला.

आई रडत होती. "बेसूर नव्हते हो," ती म्हणाली. "ते रडत होते. रडताना त्यांचा आवाज असाच व्हायचा. चारचौघांत कधी रडले नाहीत, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

आप्पांनी आयुष्यात हजार लोकांना रडवलं असेल. खरं रडणं त्यांच्या कॅमेऱ्यात एकदाच चालून आलं आणि ते त्यांनी बेसूर म्हणून पुसलं. त्यांनी तोंडावर हात घेतले आणि लहान मुलासारखे रडले, अत्यंत अस्वच्छ, नाक वाहतंय, खोकला येतोय. आईनं त्यांना माफ केलं असं काही म्हटलं नाही. पदरानं डोळे टिपून म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणा. मग पुढच्या रविवारी या. नातवंडं असतात."

मग पुढची चारेक वर्षं आप्पा दर रविवारी सकाळी यायचे. मारुतीच्या देवळाकडचा वळसा सुटला. चहा व्हायचा, खाणं व्हायचं आणि निघताना ते एकदा मंगलाष्टक म्हणायचे. माझ्या मुलाला ते इतकं पाठ झालं की शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं तेच म्हटलं आणि बाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं. 'पदरात घ्या' पुढे कुणी पाहिला नाही. चेअरमन-सेक्रेटरींचं भांडण कोर्टात गेलं, तेव्हा आपण माफ करणारे आहोत याचा पुरावा म्हणून दोघांनीही आप्पांकडे सीडी मागितली होती, एवढंच.

एका रविवारी आई मला म्हणाली, "तुझ्या त्या फोनमध्ये आवाज धरता येतो ना? धर की हे." मी सोफ्यावर पडून मॅच बघत होतो. "मेमरी भरलीय गं," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी करू." आप्पांनी मंगलाष्टक म्हटलं आणि ते घरी गेले. गुरुवारी पहाटे झोपेतच ते अॅटॅकनं गेले.

बातमी कळल्यावर आई देवघरापाशी भिंतीला टेकून बसली. बाबा गेले तेव्हा ती इतकी रडली नव्हती. "लोक म्हणतात ह्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली," ती म्हणाली. "मला विचाराल तर हे आज गेले."

तेव्हा मी तिच्याशेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही. त्यालाही आता तीन वर्षं झाली. मध्यंतरी मी काय काय केलं! आईला शिर्डीला नेलं, त्र्यंबकला नेलं, तिच्या खोलीत पंखा नवा बसवला. आणि गेला आठवडाभर आप्पांवर हा लेख लिहितोय. काल रात्रीपर्यंत मला वाटत होतं की तो मी आप्पांसाठी लिहितोय. आज सकाळी वाचून पाहिला तेव्हा लक्षात आलं की मीही सिनेमाच काढतोय.

कागद तसेच टाकले आणि स्वयंपाकघरात गेलो. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी समोर बसलो. म्हटलं, "आई, त्या रविवारी मेमरी भरलेली नव्हती. मला उठायचा कंटाळा आला होता."

तिनं वर पाहिलं नाही. "ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी त्याच फोनवर पोराचे फोटो काढलेस की." एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "आप्पा भाऊजींनी अकरा वर्षं लावली होती. तू तीनच लावलीस. सुधारणा आहे."